दारूच्या बाटलीची मापे (मराठवाडा)

मराठवाड्यातल्या दारूच्या दुकानात गिऱ्हाईक मिलिलिटर मागत नाही. ते खंबा, हाफ, क्वार्टर नाहीतर नाइंटी मागते. बाटल्यांवर याच क्रमाने ७५०, ३७५, १८० आणि ९० मि.लि. छापलेले असते. बोलीतली नावे बाटलीचे भाग सांगतात: पूर्ण, अर्धी, पाव, अदपाव. छापील आकडे मात्र त्या भागांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि हिशेबात घोळ होतो तो इथेच.

मूळ बाटली ब्रिटिश गॅलनमधून निघाली. इंपीरियल गॅलन ४.५४६ लिटरचा. त्याचा सहावा हिस्सा म्हणजे २६⅔ औंस, अर्थात ७५७.७ मि.लि. दशमान मापात तिची ७५० झाली. अर्धी बाटली ३७८.८ ची, तिची ३७५ झाली. पाव बाटली १८९.४ ची, ती थेट १८० वर आली. त्यामुळे चार क्वार्टर मिळून ७२०च भरतात. खंब्याला ३० मि.लि., म्हणजे बरोबर एक छोटा पेग कमी पडतो. पेगही असाच सरळ केलेला आहे. एक औंस २८.४ मि.लि.चा, पण छोटा पेग ३० चा आणि मोठा ६० चा धरतात. १८० चा एक गुण असा, की तिच्यात छोटे सहा किंवा मोठे तीन पेग नेमके बसतात. खंब्यात मोठे पेग साडेबारा होतात.

क्वार्टरला इथे चपटी म्हणतात ते तिच्या घडणीवरून. बाटली गोल नसते. दोन्ही बाजूंनी दबलेली, खिशात मावेल अशी असते.

गॅलनच्या आधीचे माप शेराचे. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा. पाण्याच्या हिशेबाने पावशेर म्हणजे सुमारे २३३ मि.लि. आणि नवटाक, म्हणजे शेराचा आठवा भाग, सुमारे ११७ मि.लि. मापी शेराचीही वाटणी अशीच निम्म्या-निम्म्याने: शेर, मापटे, चिपटे, कोळवे. शेर मात्र सगळीकडे सारखा नव्हता. कच्चा वेगळा, पक्का वेगळा. म्हणून जुन्या कागदातला शेर डोळे झाकून लिटरमध्ये बदलू नये. १९५६ च्या कायद्याने वजनमापे दशमान झाली, शेर बाजारातून गेला, पण बोलीत राहिला. ‘गडी पावशेर मारून आलाय’ असे आजही म्हणतात. त्याच्या पोटात गेलेली असते १८० ची चपटी. खऱ्या पावशेरापेक्षा पन्नासेक मिलिलिटरने कमी.

बिअरचा पाइंट तर नावापुरताच पाइंट. ब्रिटिश पाइंट ५६८ मि.लि.चा, आपल्याकडची पाइंट बाटली ३३० ची. मोठी बाटली ६५० ची. हातभट्टीच्या दारूला छापील माप नाहीच. ती ग्लासाने किंवा प्लास्टिकच्या पिशवीतून विकली जाते, आणि किती घेतली हे पिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

घाऊक व्यवहार पेटीवर चालतो. खंब्याच्या १२ किंवा हाफच्या २४ बाटल्यांची पेटी ९ लिटरची. क्वार्टरच्या ४८ किंवा नाइंटीच्या ९६ बाटल्यांची ८.६४ लिटरची. उत्पादन शुल्काच्या हिशेबात हे झाले बल्क लिटर. त्याशिवाय प्रूफ लिटर, म्हणजे १०० प्रूफ कसाच्या दारूचा लिटर असतो, कारण नुसत्या आकारमानावरून दारूचा कस कळत नाही. १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल. लेबलावर ‘७५ प्रूफ’ किंवा ‘२५ यू.पी.’ (अंडर प्रूफ, म्हणजे १०० प्रूफपेक्षा २५ ने कमी) असे असते तेव्हा प्रमाण ४२.८ टक्के. त्या कसाची क्वार्टरची पेटी ६.४८ प्रूफ लिटर भरते.

पिणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे रूपांतर हेच, आणि तेच सहसा कोणी करत नाही. ४२.८ टक्क्यांच्या एका क्वार्टरमध्ये निव्वळ अल्कोहोल ७७ मि.लि., वजनाने सुमारे ६१ ग्रॅम असते. ५ टक्क्यांच्या ६५० मि.लि. बिअरमध्ये ते ३२.५ मि.लि., आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये ५२. हातात मोठी दिसते बिअरची बाटली. जास्त चढते ती खिशातली चपटी.