लॅपटॉप आणि डेस्कटॉप ग्राफिक्स कार्ड : सारख्या नावांमागचा इतिहास

एनव्हिडिया कंपनीचे ‘आरटीएक्स ४०९०’ हे नाव ऑक्टोबर २०२२ मध्ये डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डावर (पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागावर) प्रथम आले आणि काही महिन्यांतच लॅपटॉपवरही दिसू लागले. डेस्कटॉप कार्डात १६,३८४ क्यूडा कोअर (एकाच वेळी गणिते करणारे छोटे घटक), २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅटपर्यंत वीज वापरण्याची मुभा होती. लॅपटॉपमधील त्याच नावाच्या चिपमध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी मेमरी होती आणि तिची वीज १५० वॅटच्या आसपास, फार तर १७५ वॅटपर्यंत जात असे. ९,७२८ हा आकडा डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०८० चा आहे, कारण या दोहोंच्या मुळाशी एडी१०३ ही एकच चिप आहे. म्हणजे लॅपटॉपला नाव वरच्या पायरीचे मिळाले आणि चिप तिच्या खालच्या पायरीची. ही तफावत कशी निर्माण झाली, हे समजण्यासाठी सुमारे पंचवीस वर्षे मागे जावे लागते.

एनव्हिडियाने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी लॅपटॉपसाठी ‘जीफोर्स२ गो’ जाहीर केले. एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीच्या लॅपटॉप चिपच्या नावात ‘मोबिलिटी’ हा शब्द असे. ‘गो’ असो वा ‘मोबिलिटी’, ही वेगळी वस्तू आहे हे खरेदीदाराला नावावरूनच कळत होते. शिवाय त्या काळातील बहुतेक डेस्कटॉप कार्डे मदरबोर्डवरील स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवरच भागवत असत, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न आजच्याइतका बिकट नव्हता. एटीआयच्या रेडिऑन ९७०० प्रोसारख्या कार्डांना २००२ पासून पॉवर सप्लायमधून वेगळी वायर जोडावी लागू लागली, आणि डेस्कटॉप व लॅपटॉप यांच्या वाटा तेथून वेगळ्या होत गेल्या, असे म्हणता येईल.

यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. चिप काम करत असताना खर्च होणारी वीज तिच्या क्लॉकच्या, म्हणजे कामाच्या ठोक्यांच्या वेगाच्या, प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते, म्हणून वेगाची शेवटची थोडीशी वाढ सर्वांत महाग पडते. उलट बाजूने पाहिले तर वीज निम्मी केली म्हणून वेग निम्मा होत नाही, आणि लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपचे सारे गणित याच सवलतीवर उभे आहे. भरपूर कोअर असलेली मोठी चिप घेऊन ती कमी क्लॉकवर चालवणे हा लॅपटॉप अभियंत्यांचा जुना आणि शहाणपणाचा मार्ग आहे.

मात्र नावे देताना तेवढे शहाणपण दिसले नाही. २०१० मधील डेस्कटॉपच्या जीटीएक्स ४८० मध्ये ४८० कोअर होते आणि ते २५० वॅट वीज घेत असे. त्याच वर्षीच्या लॅपटॉपसाठीच्या जीटीएक्स ४८०एम मध्ये ३५२ कोअर होते, मर्यादा १०० वॅट होती आणि कोअरची संख्या डेस्कटॉपच्या जीटीएक्स ४६५ शी जुळणारी होती. २०११ मध्ये एटीआयला विकत घेतलेल्या एएमडीने तर कमालच केली. डेस्कटॉपच्या रेडिऑन एचडी ६९९० वर दोन मोठ्या चिप होत्या, तर लॅपटॉपच्या एचडी ६९९०एम मध्ये एचडी ६८७० च्या जातीची एकच मध्यम चिप होती. ‘एम’ हे एक अक्षर एवढ्या मोठ्या अंतराचा भार कसा पेलणार?

पुढील काही वर्षांत हे अंतर खरोखरच कमी झाले. जीटीएक्स ९८०एम मध्ये १,५३६ कोअर होते आणि डेस्कटॉपच्या जीटीएक्स ९८० मध्ये २,०४८. २०१५ मध्ये एनव्हिडियाने २,०४८ कोअरची ती पूर्ण चिप काही जाडजूड लॅपटॉपमध्ये बसवून दाखवली. २०१६ मध्ये एनव्हिडियाच्या चिपची पास्कल ही पिढी आली. चिप घडवण्याची प्रक्रिया २८ नॅनोमीटरवरून १६ नॅनोमीटरवर गेल्यामुळे तेवढ्याच विजेत कितीतरी अधिक काम होऊ लागले. जीटीएक्स १०८० मध्ये दोन्हीकडे २,५६० कोअर होते. डेस्कटॉपची मर्यादा १८० वॅट होती, लॅपटॉपची सुमारे १५०. जीटीएक्स १०७० च्या बाबतीत तर लॅपटॉपमध्ये २,०४८ आणि डेस्कटॉपमध्ये १,९२० कोअर होते, म्हणजे कमी क्लॉकची भरपाई जास्त कोअरने केली होती. ‘एम’ हे अक्षर याच वेळी गळले, आणि त्या पिढीपुरते ते गळणे रास्तच होते.

पुढे अडचण झाली ती डेस्कटॉपने विजेच्या बाबतीत हात सैल सोडल्यामुळे. जीटीएक्स १०८० चे १८० वॅट आरटीएक्स २०८० मध्ये २१५ झाले, आरटीएक्स ३०८० मध्ये ३२०, आरटीएक्स ४०९० मध्ये ४५० आणि २०२५ च्या आरटीएक्स ५०९० मध्ये ५७५. लॅपटॉपची जाडी, पंख्यांचा आवाज आणि अडॅप्टरची क्षमता मात्र होती तेथेच राहिली, म्हणून त्यातील ग्राफिक्स चिपची कमाल मर्यादाही १५० ते १७५ वॅटच्या घरातच अडकली. पास्कलच्या काळात शोभलेले सारखे नाव पुढच्या पिढ्यांवर तसेच राहिले. त्याला आधार देणारी परिस्थिती मात्र उरली नाही.

या काळात आणखी एक गुंता वाढला. पातळ लॅपटॉपसाठी २०१७ मध्ये ‘मॅक्स-क्यू’ ही श्रेणी आली. तिच्यात जीटीएक्स १०८० ला ९० ते ११० वॅटच मिळत. नावात ‘मॅक्स-क्यू’ असल्याने खरेदीदाराला निदान इशारा मिळत असे. २०२१ च्या आरटीएक्स ३० मालिकेत तोही नावातून गेला. लॅपटॉपच्या आरटीएक्स ३०८० मध्ये ६,१४४ कोअर होते, डेस्कटॉपमध्ये ८,७०४. आणि लॅपटॉपची मर्यादा उत्पादकाच्या निवडीनुसार ८० वॅटपासून १५० वॅटच्याही पुढे कोठेही असू शकत होती. परिणामी ३०७० असलेला जाड लॅपटॉप ३०८० असलेल्या पातळ लॅपटॉपला मागे टाकू शकत असे. टीका झाल्यानंतर उत्पादकांनी वॅटचा आकडा जाहीर करावा, असे एनव्हिडियाने सांगितले. माझ्या मते लॅपटॉपच्या माहितीपत्रकातील सर्वांत उपयुक्त आकडा तोच आहे, आणि बहुधा तोच सर्वांत बारीक अक्षरांत छापलेला असतो.

चाचण्यांतील तुलनाही यामुळे अवघड झाली आहे. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांना बहुधा एकाच शीतकरण व्यवस्थेवर भागवावे लागते, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांचा वेग अर्ध्या तासानंतर टिकेलच असे नाही. २०१० मध्ये आलेल्या ऑप्टिमस तंत्रात तयार झालेले चित्र प्रोसेसरमधील ग्राफिक्समार्गे पडद्यावर जाते. त्याने बॅटरी वाचते, पण फ्रेमची (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) संख्या काहीशी घटते. म्हणूनच हा मार्ग टाळणारा मक्स स्विच लॅपटॉपमध्ये आहे की नाही, हे परीक्षक आवर्जून नोंदवतात.

हे अंतर सर्व पायऱ्यांवर सारखे नाही. आरटीएक्स ४०६० मध्ये दोन्हीकडे ३,०७२ कोअर आणि ८ जीबी मेमरी आहे. डेस्कटॉप कार्डाची मर्यादा ११५ वॅट असल्याने पूर्ण वीज मिळालेला लॅपटॉप त्याच्या बराच जवळ पोहोचतो. शिखरावर मात्र आरटीएक्स ५०९० च्या डेस्कटॉप कार्डात २१,७६० कोअर आहेत आणि लॅपटॉपच्या चिपमध्ये १०,४९६, म्हणजे निम्म्याहूनही कमी.