‘टू ब्लेम’ की ‘टू बी ब्लेम्ड’ : वादाची पार्श्वभूमी

‘ब्लेम’ हा शब्द नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, त्याचं मूळ ग्रीकमध्ये, ‘ब्लास्फेमी’चंही (ईश्वरनिंदा) तेच. पण खरा घोळ आहे तो ‘ही इज टू ब्लेम’ या रचनेचा. आपल्याकडे कित्येक जण हे खोडून ‘ही इज टू बी ब्लेम्ड’ करतात, कारण दोष त्याला दिला जातोय म्हणजे पॅसिव्ह (कर्मणी) हवं असं वाटतं. खरं तर जुन्या इंग्रजीत असा ‘टू’वाला इन्फिनिटिव्ह, म्हणजे ‘टू’ लावलेलं क्रियापदाचं मूळ रूप, पॅसिव्ह अर्थाने सर्रास चालायचा, ‘हाउस टू लेट’ त्याच घरातलं, घर काय स्वतः भाड्याने देत नाही. पुढे ही रचना मागे पडत गेली आणि लोकांना कळेना की हा ‘टू’ नक्की कसला, मग ‘टू’ म्हणजे ‘फार’ आणि ‘ब्लेम’ म्हणजे ‘दोषी’ असं समजून दोन ओ लावून लिहायला लागले. 1623 साली लंडनला छापलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या त्या प्रसिद्ध संग्रहातही दोन ओवालं स्पेलिंग सापडतं. त्यामुळे चारशे वर्षांपूर्वीच इंग्रजांचाही गोंधळ झाला होता, आपल्या मुलांचे मार्क त्यावर कापणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि अर्थातही फरक आहे हो. ‘ड्रायव्हर इज टू ब्लेम’ म्हणजे चूक ड्रायव्हरची, लिहिणाऱ्याने निकाल दिला. ‘टू बी ब्लेम्ड’मध्ये त्याच्यावर ठपका ठेवायला हवा किंवा ठेवला जाणार आहे, असा सूर येतो.

‘ब्लेम इट ऑन’चा वाद त्यामानाने अलीकडचा. नियम साधा, माणसाला ब्लेम केलं तर चुकीआधी ‘फॉर’ (‘ब्लेम हिम फॉर इट’), चुकीला ब्लेम केलं तर माणसाआधी ‘ऑन’ (‘ब्लेम इट ऑन हिम’). 1881 च्या एका अमेरिकन पुस्तकात या ‘ऑन’ला सरळ गावंढळ ठरवलंय, नंतरच्या ब्रिटिश मार्गदर्शकांतही तो अनावश्यक म्हणून नाक मुरडलं गेलं. पण लोक बोलत राहिले, पेपरवाल्यांना तर मथळ्यात तो सोयीचा पडला आणि आज डिक्शनऱ्या दोन्ही रूपं देतात, तेच बरोबर आहे.

मथळ्यातल्या ‘ब्लेम्ड ऑन फॉग’ला माझा आक्षेप वेगळाच आहे, धुक्याला दोष दिला कोणी हेच त्यात गायब असतं. पोलिसांनी, रेल्वेने की बातमीदाराने स्वतः? बातमीत खाली तरी ते नाव यायलाच हवं.