निळं पाणी देणाऱ्या लाकडाची साडेतीनशे वर्षांची चुकामूक

बिबळा या झाडाच्या लाकडाचे पेले आयुर्वेदिक दुकानांत मिळतात, हल्ली ऑनलाइनही मागवता येतात. रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी प्या, मधुमेहाला उतार पडेल, असं विकणारा सांगतो. तो दावा वैद्यांकडे सोपवू. पाहण्यासारखं वेगळंच आहे. ते पाणी साध्या काचेच्या ग्लासात ओतून, मागे काळं कापड धरून उन्हात ठेवलं तर त्यात निळसर झाक उमटते. तोच ग्लास उजेडाकडे धरून आरपार पाहिला तर पाणी कोऱ्या चहासारखं पिवळट दिसतं. असाच गुण असलेल्या एका लाकडाने सोळाव्या शतकापासून युरोपातल्या मोठमोठ्या डोक्यांना बुचकळ्यात टाकलं. गंमत म्हणजे पाण्याच्या रंगावर ग्रंथ लिहिले गेले, पण ते लाकूड नेमकं कोणत्या झाडाचं, याचा उलगडा व्हायला 1915 साल उजाडलं.

कहाणी सुरू होते स्पेनमधल्या सेव्हिल शहरात. निकोलास मोनार्देस हा तिथला वैद्य. अमेरिकेत त्याने कधी पाऊल टाकलं नाही, पण तिथून येणारी जहाजं त्याच्याच गावाला लागत आणि औषधी माल त्याच्या हाती पडे. 1565 मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने मेक्सिकोहून येणाऱ्या एका लाकडाचं वर्णन केलं. लाकडाच्या बारीक ढलप्या स्वच्छ पाण्यात टाकायच्या, थोड्या वेळाने पाणी निळं होऊ लागतं आणि ते प्यायल्याने मूत्रपिंडाचे विकार आटोक्यात येतात. म्हणून युरोपभर त्याचं लॅटिन नाव रूढ झालं ‘लिग्नम नेफ्रिटिकम’, मूत्रपिंडाचं लाकूड. पाणी पिवळं करणारं दुसरंच लाकूड याच नावाने येऊ लागलं आहे, ते उपयोगाचं नाही, निळं करणारं तेच खरं, अशी सूचनाही मोनार्देसने दिली आहे. म्हणजे लाकूड बाजारात येतं न येतं तोच भेसळही हजर!

मोनार्देसपुढे आलेला माल म्हणजे तोडलेले, सोललेले तुकडे. पान नाही, फूल नाही, साल नाही. झाड उभं असताना ओळखायला जे जे उपयोगी पडतं, ते सगळं समुद्रापलीकडेच राहिलेलं. हातात उरली एकच खूण, पाण्याची निळाई. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे.

मेक्सिकोत असलेल्यांना झाड माहीत होतं. फ्रान्सिस्कन पाद्री बेर्नार्दिनो दे साहागुन याने स्थानिक जाणकारांकडून जी माहिती गोळा केली, तीत ‘कोआत्ली’ या झाडाची नोंद आहे. त्याच्या लवचीक फांद्यांच्या टोपल्या विणतात आणि लाकूड भिजवलेलं पाणी निळं होतं. राजवैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस 1570 च्या दशकात मेक्सिकोत फिरला. त्यानेही ते पाहिलं आणि पानं हरभऱ्याच्या पानांसारखी असल्याचं लिहिलं. टोपलीची फांदी आणि हरभऱ्यासारखं पान, इतक्या खुणांवरून झुडूप किंवा लहानसं झाड डोळ्यांसमोर येतं.

पण युरोपात त्याच नावाखाली कातीव पेलेही येत होते. मेक्सिकोतल्या जेझुइट पाद्र्यांनी असा एक पेला रोममधल्या आथानासियूस किर्खेर या जर्मन विद्वानाला भेट दिला. किर्खेरने 1646 मध्ये प्रकाशावरच्या आपल्या ग्रंथात त्यातल्या पाण्याचे बदलते रंग वर्णिले आणि पेला पवित्र रोमन सम्राट तिसऱ्या फर्डिनांडला नजर केला. आता कुणाही कातारी माणसाला विचारा, पेला कातायला जाड, भक्कम गाभ्याचा ओंडका लागतो. टोपल्या विणायच्या फांदीतून पेला निघत नाही. ही विसंगती त्या काळी कुणाला खटकल्याचं दिसत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे होतं आणि लाकडाकडे कोणी नीट पाहतच नव्हतं.

पाण्याकडे लक्ष देणाऱ्यांनी मात्र काम चोख केलं. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने 1664 मध्ये दाखवून दिलं की पाण्यात आम्ल घातलं की निळाई जाते आणि क्षार (अल्कली) घातला की परत येते. आंबट घातल्यावर निळं पाणी पिवळं पडत असेल तर लाकूड खरं, अशी कसोटी हाती आली. पुढे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्सने 1852 मध्ये या तऱ्हेच्या चमकेचा खुलासा केला. पदार्थ जांभळ्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शोषतो आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. आपल्या ट्यूबलाइटमागचं तत्त्व तेच, प्रतिदीप्ती.

दरम्यान लाकूड औषधांच्या यादीतून मागे पडलं आणि त्याची ओळख आणखी धूसर झाली. काही ग्रंथकारांनी तर ते चक्क शेवग्याचं ठरवलं. शेवग्याची फांदी वाऱ्याने मोडते, लाकूड भुसभुशीत. त्याचा पेला कातून दाखवा, असं त्या विद्वानांना म्हणावंसं वाटतं.

अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम सॅफर्ड याने 1915 मध्ये हे प्रकरण मार्गी लावलं. त्याने नाव पक्कं ठाऊक असलेल्या झाडांची लाकडं घेऊन पाण्यात टाकून पाहिली. उत्तर एक नव्हतं, दोन होती. मेक्सिकोचं कोआत्ली म्हणजे आयझेनहार्टिया पॉलिस्टाकिया, लहान चणीचं झाड. पेले मात्र फिलिपिन्समधल्या नारा वृक्षाचे, टेरोकार्पस इंडिकसचे. मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश गलबतांची ये-जा 1565 पासून 1815 पर्यंत चालू होती. पेले पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोत उतरत, तिथून युरोपात जात आणि मेक्सिकन माल म्हणून ओळखले जात. दोन्ही झाडं शेंगावर्गातली, दोन्ही पाणी निळं करणारी, पण दोघांच्या मायभूमींमध्ये अख्खा महासागर. 2009 मध्ये स्पॅनिश रसायनशास्त्रज्ञांनी मेक्सिकन लाकडातला चमकणारा रेणूही उलगडला. तो लाकडात तयार नसतो, तर लाकडातून उतरलेला एक पदार्थ किंचित क्षारयुक्त पाण्यात बदलतो आणि मग चमकतो.

आपला बिबळा, टेरोकार्पस मार्सुपियम, त्या नारा वृक्षाचा सख्खा भाऊबंद. सह्याद्रीत आणि विदर्भाच्या जंगलांत तो सापडतो. झाड उभं असेल तर ओळख पटवायला पाण्याची गरजच नाही. खरबरीत, उभ्या चिरांच्या सालीवर कोयत्याचा घाव घातला की रक्तासारखा लाल डिंक पाझरतो. शेजारी ऐन असेल तर त्याची काळपट साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी भेगाळलेली, आणि अर्जुन असेल तर गुळगुळीत, पांढरट. जंगलात वाढलेल्या माणसाला सालीवर हात फिरवला तरी पुरतं. पण ओंडका वखारीत आला आणि साल उतरली की हे ज्ञान तिथेच संपतं. मागे उरतात फक्त नावं, आणि नावांवर भिस्त ठेवावी अशी स्थिती नाही. कुठे बिबळ्याला असणा म्हणतात, कुठे काटेरी खोडाच्या वेगळ्याच झाडाला असाणा म्हणतात आणि हिंदी पट्ट्यात ऐनाला असन. एकाच शब्दावर तीन लाकडं खपू शकतात.

साल गेल्यावर लाकूड वाचायचं तर आडवा छेद पाहावा लागतो. धारदार पात्याने ओंडक्याचं टोक स्वच्छ कापायचं, किंचित ओलं करायचं आणि दहापट भिंगातून पाहायचं. बिबळ्यात मोठी छिद्रं दिसतात आणि त्यांना जोडणाऱ्या फिकट रंगाच्या नागमोडी रेघा. किरण, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या रेघा, इतके बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. उभ्या फळीवर मात्र वाळूवर उठाव्यात तशा आडव्या बारीक लहरी दिसतात. शिसवातही अशा लहरी असतात, कारण तोही शेंगावर्गातला. तेव्हा नुसत्या लहरींवरून निर्णय द्यायचा नाही. रंग, छिद्रांची मांडणी, वजन आणि पाण्याची परीक्षा, सगळं जुळलं तरच नाव घ्यायचं.

भारतात हे काम पद्धतशीर व्हायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. कारण सरळ आहे: जहाजं आणि रेल्वेचे स्लीपर यांना लाकूड हवं होतं आणि ठेकेदार कोणतं लाकूड सागवान म्हणून गळ्यात मारतो, हे सरकारला कळायला हवं होतं. जेम्स गॅम्बलचा भारतीय लाकडांवरचा ग्रंथ 1881 मध्ये आला. मुंबई इलाख्याच्या झाडांवर डॅल्झेल आणि गिब्सन यांनी 1861 मध्येच पुस्तक लिहिलं होतं आणि टॅलबटचे दोन खंड 1909 आणि 1911 मध्ये आले. 1906 मध्ये देहरादूनला वनसंशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या पियर्सन आणि ब्राउन यांनी 1932 मध्ये दोन खंडांत व्यापारी लाकडांची ओळख छेदांच्या सूक्ष्मछायाचित्रांसह छापली. झाडाचं नाव आणि लाकडाचा छेद एकाच पानावर येणं, हेच मोनार्देसला मिळालं नव्हतं.

त्याच संस्थेतल्या चौधुरी आणि घोष यांनी पुढे हडप्पा इथे 1946 च्या उत्खननात मिळालेल्या शवपेटीचे अवशेष तपासले. चार हजारांहून अधिक वर्षं मातीत कुजलेल्या लाकडाला साल कुठली असणार! तरीही पेशींची मांडणी शिल्लक होती. पेटी शिसवाच्या जातीच्या लाकडाची आणि झाकण देवदाराचं, असा निष्कर्ष निघाला. देवदार पंजाबच्या मैदानात उगवत नाही, म्हणजे ते हिमालयातून आणलेलं. त्या काळच्या लाकूड-व्यापाराचा हा पक्का पुरावा.

या विद्येची मर्यादाही सांगायला हवी. छेद पाहून प्रजातीपर्यंत पोचणं दर वेळी जमत नाही, अनेकदा कुळ किंवा वंश कळतो आणि तिथेच थांबावं लागतं. 2 जानेवारी 2017 पासून शिसवाचा संपूर्ण वंश, डाल्बर्जिया, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधित यादीत घालताना हीच अडचण मोठी होती. सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर घासून-पॉलिश करून आलेली वस्तू असते. तिच्यातला दुर्मीळ शिसव आणि लागवडीतला शीशम त्याने नुसत्या डोळ्यांनी वेगळा कसा करावा? परिणामी आपल्याकडच्या शीशमच्या हस्तकलावाल्यांनाही परवान्यांच्या फेऱ्यात अडकावं लागलं.

लाकूडशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1989 मध्ये रुंदपर्णी लाकडं ओळखण्यासाठी लक्षणांची जी प्रमाण यादी काढली, तीत पेशींच्या रचनेसोबत पाण्यातला अर्क चमकतो की नाही, हेही एक लक्षण आहे. घरी करून पाहायची तर परीक्षा सोपी आहे: बिबळ्याची ढलपी, स्वच्छ पाणी, काळी पार्श्वभूमी आणि ऊन. निळाई दिसली की लिंबाचे दोन थेंब टाका, ती जाईल. मग चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, ती परतेल. एवढ्यावरून लाकूड बिबळ्याचंच असं मात्र म्हणता येणार नाही. अंदमानातला पडौक आणि फिलिपिन्सचा नाराही हेच करून दाखवतात, त्यांच्यातून निवड करायला छेदच पाहावा लागेल, आणि ओंडक्याला सालीचा एखादा तुकडा चिकटलेला असेल तर तो आधी जपून ठेवावा लागेल.