अध्यक्षांचं पत्र की विद्यापीठाची भूमिका?

१४ एप्रिल २०२५ रोजी हार्वर्ड विद्यापीठाकडून दोन पत्रं निघाली. पहिलं अध्यक्ष ॲलन गार्बर यांचं, हार्वर्डच्या साऱ्या परिवाराला लिहिलेलं. दुसरं विद्यापीठाच्या वकिलांचं, वॉशिंग्टनमधल्या तीन सरकारी यंत्रणांच्या अधिकाऱ्यांना. तीन दिवसांपूर्वी ट्रम्प सरकारने मागण्यांची लांबलचक यादी धाडली होती. प्रवेश कसे द्यावेत, नेमणुका कशा कराव्यात, इतकंच काय, विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या मतांची तपासणी करावी, असं बरंच काही तिच्यात होतं. दोन्ही पत्रांत या मागण्यांना नकार होता. विद्यापीठ आपलं स्वातंत्र्य गमावू देणार नाही आणि घटनात्मक हक्कही सोडणार नाही, हे वाक्य तर दोन्हीकडे जवळजवळ सारखंच होतं.

गाजलं ते गार्बर यांचं पत्र. समाजमाध्यमांवर तेच फिरलं, त्यातलीच वाक्यं मथळ्यांत आली. पण सरकारला नकार कळवला होता वकिलांच्या पत्राने. गार्बर यांच्या पत्रात तसं सरळ लिहिलेलंही आहे: प्रस्तावित करार मान्य नसल्याचं आमच्या वकिलांमार्फत सरकारला कळवलं आहे. म्हणजे एका पत्राने कृती केली आणि दुसऱ्याने ती घरच्यांना समजावून सांगितली. त्याच दिवशी सरकारने सुमारे २२० कोटी डॉलरची अनुदानं गोठवल्याचं जाहीर केलं.

अमेरिकी विद्यापीठाचा अध्यक्ष जेव्हा कॅम्पसला आणि बाहेरच्या समाजाला उद्देशून काही लिहितो, तेव्हा तो विद्यापीठाचा निर्णय असतो की अध्यक्षाचं बोलणं? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तेच बोधचिन्ह, तीच सही, तोच गंभीर सूर. आपल्याकडे हा गोंधळ फारसा होत नाही, कारण कामं आधीच वाटलेली आहेत. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठाचे कुलपती म्हणजे राज्यपाल, प्रत्यक्ष कारभार कुलगुरूंकडे, आणि परीक्षा पुढे ढकलल्याचं परिपत्रक येतं ते कुलसचिवांच्या किंवा परीक्षा विभागाच्या संचालकांच्या सहीने. कुलगुरूंचा संदेश आपण वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर पाहतो आणि पान उलटतो. अमेरिकेत मूल शिकायला गेलेल्या पालकांना मात्र मुलाने पुढे पाठवलेलं अध्यक्षांचं ईमेल वाचताना तो आदेशच वाटतो. (पदनामं आणखी घोळ घालतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘प्रेसिडेंट’ दहाही कॅम्पसांच्या वर असतो आणि बर्कलीसारख्या एका कॅम्पसचा प्रमुख ‘चान्सलर’. टेक्सासमध्ये नेमकं उलट. हे पाठ करत बसू नये, सहीच्या खाली काय लिहिलंय ते वाचावं.)

विद्यापीठाची भूमिका ठरते ती नियामक मंडळात. हार्वर्डमध्ये हे मंडळ १६५०च्या सनदेपासून चालत आलंय. त्याचे तेरा सदस्य असतात आणि अध्यक्ष त्यांतला एक. मंडळाचं कायदेशीर नाव आहे ‘हार्वर्ड कॉलेजचे अध्यक्ष आणि फेलो’. कोर्टात दावा दाखल होतो तो याच नावाने. त्यामुळे कागदोपत्री ‘अध्यक्ष’ हा शब्द दिसतो, पण तिथे तो गार्बर नावाच्या माणसासाठी नसतो, संस्थेसाठी असतो. बाहेरच्या वाचकाने गोंधळायला एवढं पुरेसं आहे.

पण गोंधळ फक्त वाचकांचाच होतो असं नाही. लॅरी समर्स हार्वर्डचे अध्यक्ष असताना, जानेवारी २००५ मध्ये, एका अर्थशास्त्रीय परिषदेत बोलले. विज्ञान आणि अभियांत्रिकीत वरच्या पदांवर स्त्रिया कमी का, हा विषय. सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलं की आपण अनधिकृतपणे बोलतोय, हार्वर्डचं धोरण मांडायला आलेलो नाही, थोडं चिथावणीखोर बोलायचं असं आयोजकांशी ठरलंय. मग कारणांची चर्चा करताना त्यांनी जन्मजात क्षमतेतल्या फरकाची शक्यता पुढे केली. सभागृहातून जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स उठून गेल्या. पाच दिवसांनी समर्स यांनी विद्यापीठ परिवाराला पत्र लिहून माफी मागितली: हुशार मुलींना आणि स्त्रियांना नकळत निराश करणारा संदेश जावा अशा पद्धतीने बोलणं चुकीचं होतं. मार्चमध्ये कला व विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी २१८ विरुद्ध १८५ मतांनी त्यांच्यावर अविश्वास नोंदवला. पुढच्या वर्षी त्यांनी पद सोडलं. कारणं तेवढीच नव्हती, पण त्या भाषणाचा वाटा मोठा होता.

या प्रसंगात मला सगळ्यात लक्षणीय वाटतं ते ‘अनधिकृत’ या शब्दाचं काहीही न चालणं. समर्स यांनी अध्यक्षपदाची टोपी काढून ठेवली असं जाहीर केलं, पण ऐकणाऱ्यांना ती डोक्यावरच दिसत राहिली. आणि त्यात ऐकणाऱ्यांचंही चुकत नव्हतं. त्या माणसाच्या हातात नेमणुका होत्या, पैसा होता. असा माणूस स्त्रियांच्या क्षमतेबद्दल निव्वळ कुतूहलाने बोलतोय हे कुणी मानावं?

उलट दिशेचं उदाहरण येलचं. एप्रिल १९७० मध्ये येलच्या गावी, न्यू हेवनमध्ये, ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या क्रांतिकारी संघटनेच्या नेत्यांवर खटला चालू होता आणि कॅम्पस पेटण्याच्या बेतात होतं. अध्यक्ष किंगमन ब्रूस्टर प्राध्यापकांच्या सभेत म्हणाले की, अमेरिकेत कुठेही कृष्णवर्णीय क्रांतिकारकांना न्याय्य खटला मिळू शकेल का, याबद्दल मी साशंक आहे. वाक्य ‘आम्ही’चं नव्हतं, ‘मी’चं होतं, पूर्णपणे स्वतःचं. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू संतापले आणि येलच्या माजी विद्यार्थ्यांनी दुसरा अध्यक्ष शोधावा असं जाहीरपणे म्हणाले. येलच्या विद्यार्थ्यांनी मात्र ब्रूस्टर यांना उचलून धरलं आणि ते १९७७ पर्यंत पदावर राहिले. विद्यापीठाने खटल्यावर ठराव केला असता तर इतका परिणाम झाला नसता, असं मला वाटतं. समोर बसलेल्यांना एक माणूस धोका पत्करून बोलताना दिसला, याचं वजन वेगळंच होतं.

हे दोन्ही प्रकार वेगळे करण्याचा सगळ्यात गंभीर प्रयत्न शिकागो विद्यापीठात झाला. व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते. लष्करभरतीच्या मंडळाला विद्यार्थ्यांचे गुणानुक्रम द्यायचे की नाहीत, यावरून १९६६ मध्ये विद्यार्थ्यांनी प्रशासनाच्या इमारतीत ठाण मांडलं होतं. फेब्रुवारी १९६७ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बीडल यांनी कायद्याचे प्राध्यापक हॅरी कॅल्व्हन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीत इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन होते, अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलरही होते. अहवाल अगदी छोटा, काही पानांचा. त्याचा गाभा असा: विद्यापीठ हे टीकाकारांचं घर आहे, त्यांचा आधार आहे, ते स्वतः टीकाकार नाही. मतभेद व्यक्त करायचे ते एकेकट्या प्राध्यापकाने आणि विद्यार्थ्याने. विद्यापीठाने सामूहिक भूमिका घेतली की वेगळं मत असलेल्या प्रत्येकाची आतल्या आत कोंडी होते, कारण विद्यापीठात बहुमताने सत्य ठरवत नाहीत.

पण अहवालात एक मोकळी वाट ठेवलेली आहे आणि ती नेहमी विसरली जाते. विद्यापीठाच्या मूळ कामावर, मुक्त ज्ञानशोधाच्या मूल्यांवरच बाहेरून घाला आला, तर विद्यापीठाने विरोध करायचा. तिथे गप्प बसणं हे कर्तव्य नाही. शिवाय विद्यापीठ जेव्हा मालक म्हणून, गुंतवणूकदार म्हणून वागतं, तेव्हाही काही अपवाद निघू शकतात. शिकागोने हा अहवाल देवघरात ठेवल्यासारखा जपला. बाकीच्या बहुतेक विद्यापीठांनी पन्नासेक वर्षं त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि अध्यक्षांची पत्रं वाढत गेली. न्यायालयाचा निकाल लागला की पत्र, निवडणूक झाली की पत्र, कुठे गोळीबार झाला की पत्र. प्रत्येक पत्र स्वतंत्रपणे पाहिलं तर सद्भावनेचंच होतं.

या सवयीची किंमत मोजायची वेळ आली ऑक्टोबर २०२३ मध्ये. ७ ऑक्टोबरला हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि लगेच हार्वर्डमधल्या तीसहून अधिक विद्यार्थी संघटनांच्या नावाने इस्रायललाच संपूर्ण जबाबदार धरणारं निवेदन फिरू लागलं. विद्यापीठाच्या नेतृत्वाचं पहिलं निवेदन आलं ९ तारखेला, अध्यक्षा क्लॉडीन गे आणि अधिष्ठात्यांच्या सह्यांनी. ते गुळमुळीत आहे म्हणून ओरड झाली. दुसऱ्या दिवशी गे यांनी स्वतःच्या नावाने दुसरं काढलं. त्यात हल्ल्याचा निषेध होता आणि कोणतीही विद्यार्थी संघटना, अगदी तीस संघटना मिळूनही, हार्वर्डच्या किंवा त्याच्या नेतृत्वाच्या वतीने बोलत नाहीत असा खुलासा होता. १२ तारखेला चित्रफीत. चार दिवसांत तीन वेळा बोलूनही कुणाचंच समाधान झालं नाही, कारण तोवर सवय लागलेली होती: अध्यक्ष प्रत्येक गोष्टीवर बोलतात, तेव्हा आज किती लवकर बोलले, कोणता शब्द आधी आला, यालाच विद्यापीठाची भूमिका समजायची. मौन हेही निवेदन झालं होतं. ५ डिसेंबरला अमेरिकी संसदेच्या समितीसमोर गे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अध्यक्षा लिझ मॅगिल आणि एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठाच्या अध्यक्षा सॅली कॉर्नब्लथ यांची उलटतपासणी झाली. ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या नियमांचा भंग आहे का, या प्रश्नाला त्यांनी वकिली थाटात ‘संदर्भावर अवलंबून’ असं उत्तर दिलं. माणसाचं उत्तर हवं होतं तिथे नियमपुस्तिका बोलली. मॅगिल यांनी चार दिवसांत राजीनामा दिला, गे यांनी २ जानेवारी २०२४ रोजी. गे यांच्या बाबतीत तोवर लेखनातल्या उचलेगिरीचे आरोपही पुढे आले होते.

त्यानंतर गार्बर यांनी नेमलेल्या गटाने मे २०२४ मध्ये अहवाल दिला आणि हार्वर्डने तो स्वीकारला. विद्यापीठाच्या मूळ कामाशी थेट संबंध नसलेल्या सार्वजनिक प्रश्नांवर विद्यापीठाने आणि त्याच्या नेत्यांनी अधिकृत निवेदनं काढू नयेत, असं त्यात म्हटलंय. समर्स यांचा धडा इथे उतरलेला दिसतो: बंधन फक्त संस्थेवर नाही, नेत्यांवरही आहे. सहानुभूतीची निवेदनंही टाळावीत, कारण एकाच्या दुःखात सहभागी होताना दुसऱ्याला परकं केल्यासारखं होतं, असा युक्तिवाद आहे. तर्क म्हणून पटतो. पण भूकंपात घर गमावलेल्या विद्यार्थ्याला चार ओळी लिहायला अध्यक्षाला नियम आडवा यावा, हे मला कोरडं वाटतं. अशा वेळी साऱ्या परिवाराला निवेदन न काढता त्या त्या विद्यार्थ्यांनाच लिहिलं तर नियमही मोडत नाही आणि माणुसकीही राहते.

मग वर्षभरातच गार्बर इतकं ठणकावून कसे बोलले? इथे कॅल्व्हनची ती विसरलेली वाट उपयोगी पडते. एप्रिल २०२५ चा प्रश्न परराष्ट्र धोरणाचा नव्हता. काय शिकवायचं, कुणाला घ्यायचं, हा होता, म्हणजे विद्यापीठाच्या मुळाशीच. तिथे अध्यक्षाचं बोलणं आणि विद्यापीठाची भूमिका एकच झाली.

परदेशी विद्यार्थ्यांच्या घरी हा फरक सगळ्यात जास्त कामाला येतो. ६ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने जाहीर केलं की, सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना देशात राहता येणार नाही. ८ जुलैला हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष लॅरी बॅकाव यांचं पत्र आलं. ते धीर देणारं होतं, पण त्यातलं महत्त्वाचं वाक्य एवढंच होतं की एमआयटीसोबत बोस्टनच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला आहे. पत्राने कुणाचाही दर्जा बदलला नाही. १४ जुलैला न्यायाधीश ॲलिसन बरोज यांच्यासमोर सरकारने माघार घेतली, तेव्हा बदलला. मे २०२५ मध्येही तसंच झालं. २२ तारखेला परदेशी विद्यार्थी घेण्याची हार्वर्डची परवानगी सरकारने रद्द केली. २३ला गार्बर यांनी दाव्याची माहिती देत परदेशी विद्यार्थ्यांना तुम्ही आमचे आहात असं लिहिलं. आणि त्याच दिवशी, पुन्हा बरोज यांनीच, तात्पुरती स्थगिती दिली.

म्हणून असं पत्र हातात आलं की क्रियापदं पाहावीत. वाटतं, चिंता आहे, उभे आहोत, कटिबद्ध आहोत, हे अध्यक्षांचं बोलणं. दाखल केला, मंजूर केलं, अमुक तारखेपासून लागू, ही संस्थेची कृती, आणि तिच्यासोबत जवळपास नेहमी दुसऱ्या एखाद्या कागदाचा दुवा असतो. तो उघडावा. आणि मुलाने सुट्टीत घरी यावं की नाही हा प्रश्न असेल, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं रुक्ष, सहीखाली एखाद्या डीएसओचं (परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रं पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं) नाव असलेलं ईमेल आधी वाचावं. आय-२० वरची (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या दाखल्यावरची) प्रवासाची सही अजून चालते का, हे तिथेच कळतं.