शाळा संपण्याआधीच विद्यापीठ

हुशार मुलाला लवकर विद्यापीठात घालायचा विषय निघाला की अमेरिकेत अनेक वर्षं एकच नाव भीती घालायला पुढे केलं जाई : विल्यम जेम्स सायडिस. १९०९ साली, ११ व्या वर्षी तो हार्वर्डमध्ये गेला आणि काही महिन्यांतच त्यानं तिथल्या गणितींपुढे चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं. पुढे मात्र त्यानं गणिताकडे पाठ फिरवली, कारकुनी केली आणि १९४४ साली, ४६ व्या वर्षी तो वारला. त्याच सुमाराला हार्वर्डमध्ये असलेला, १८ व्या वर्षी डॉक्टरेट मिळवणारा नॉर्बर्ट वीनर मोठा गणिती झाला. त्याचा दाखला मात्र क्वचितच दिला जाई. सायडिसवर हा अन्यायच झाला. वर्तमानपत्रांनी त्याचा लहानपणापासून पिच्छा पुरवला होता, ही गोष्ट विसरून सगळा दोष त्याच्या लवकर शिकण्यावर टाकला गेला.

१९५१ सालापासून फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून १२ महाविद्यालयांनी शाळा पूर्ण न झालेल्या मुलांना प्रवेश दिले. कोरियाचं युद्ध चालू होतं. मुलांचं थोडं तरी उच्च शिक्षण सक्तीच्या लष्करभरतीआधी व्हावं, हा त्यामागचा एक हेतू होता. मुलं चांगली शिकली, पण निधी थांबल्यावर योजनेतला जोर ओसरला.

खरी कलाटणी बाल्टिमोरमध्ये मिळाली. जोसेफ बेट्स नावाचा मुलगा संगणकाच्या उन्हाळी वर्गात मोठ्यांनाही मागे टाकत होता. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६९ च्या जानेवारीत त्याला महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षांना बसवलं. त्याच्या इयत्तेच्या परीक्षेत तो सगळंच सोडवणार, मग त्याची झेप कळणार कशी? म्हणून मोजपट्टीच मोठी घेतली. शाळांना त्याच्यासाठी वेगळी सोय करणं जमेना, तेव्हा १३ व्या वर्षी तो थेट हॉपकिन्समध्ये दाखल झाला आणि १७ व्या वर्षी संगणकशास्त्रातल्या दोन पदव्या घेऊन बाहेर पडला. १९७१ साली स्टॅन्लींनी गणितात असामान्य असलेल्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. (पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीनं १९६२ पासून धरलेली वाट वेगळी : मूल बरोबरीच्या मुलांतच ठेवायचं आणि त्याला जास्तीचं खाद्य द्यायचं.) चीनमध्ये १९७८ साली हफेईच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठानं किशोरांसाठी स्वतंत्र वर्गच काढला.

माझ्या मते सर्वांत शहाणी भर घातली ती सिॲटलनं. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हॅल्बर्ट रॉबिन्सन यांनी १९७७ साली १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश द्यायला सुरुवात केली. लवकरच लक्षात आलं की बुद्धी कमी पडत नाही, अडतं दुसरीकडेच. माध्यमिक शाळेची वर्षं गाळून आलेल्या मुलाला लांब निबंधाची बांधणी, टिपणं काढणं, वेळेचा हिशोब हे कोणी शिकवलेलंच नसे. शिवाय मोठ्यांच्या वर्गात तो एकटा पडे. म्हणून १९८० साली मधलं एक वर्ष आलं, ‘ट्रान्झिशन स्कूल’ : विद्यापीठाच्याच आवारात, सगळी एका वयाची मुलं, कसून तयारी आणि मगच नियमित वर्ग. पुढे वर्ग वेगवेगळे झाले तरी या कार्यक्रमाच्या केंद्रात एकत्र बसायची हक्काची जागा आणि ओळखीचे सल्लागार राहत.

१९८१ साली हॅल्बर्ट वारले. त्यांच्या पत्नी नॅन्सी रॉबिन्सन यांनी कार्यक्रम पुढे चालवला आणि या मुलांचं पुढे काय झालं याचा चिकाटीनं मागोवा घेतला. आज ते केंद्र दोघांच्या नावानं ओळखलं जातं.