पेशींच्या मधली जागा

शालेय पुस्तकांतील आकृत्यांत पेशी विटांसारख्या एकमेकींना खेटून काढलेल्या असतात आणि मधल्या फटीला नावही दिलेले नसते. कूर्चेचा (सांध्यांत, नाकाकानांत असणाऱ्या लवचीक ऊतीचा) पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की प्रमाण उलटे दिसते. पेशी विरळ असतात आणि बहुतेक जागा त्यांनीच स्रवलेल्या पेशीबाह्य आधारद्रव्याने व्यापलेली असते. हे द्रव्य म्हणजे नुसती भर, हा समज चुकीचा आहे.

सांध्याच्या कूर्चेत वजनाने ६५ ते ८० टक्के पाणी असते, तरीही ती शरीराचा भार पेलते. हे साधते ते प्रामुख्याने अ‍ॅग्रिकॅन या प्रोटिओग्लायकनमुळे, म्हणजे शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या प्रथिनामुळे. प्रथिनाचा लांब कणा आणि त्याला बाटली धुण्याच्या ब्रशाच्या केसांसारख्या चिकटलेल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या सुमारे १०० साखळ्या, अशी त्याची रचना असते; असे अनेक ब्रश हायालुरोनन या शर्करा-साखळीच्या एकाच लांब धाग्यावर ओवलेले असतात. साखळीतील प्रत्येक शर्करा-जोडीवर एक कार्बॉक्सिल आणि बहुधा एक सल्फेट गट असतो व दोन्हींवर ऋण प्रभार असतो. हा प्रभार तोलण्यासाठी सोडियमचे आयन आत जमतात, आयनांच्या या गर्दीमुळे परासरणाने पाणी आत ओढले जाते आणि ब्रश फुगू पाहतो. पण कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे त्याला आवळून धरते. कूर्चेचा ताठरपणा या ओढाताणीतून येतो.

गर्भात हातापायांची हाडे आधी कूर्चेचीच असतात, त्यामुळे अ‍ॅग्रिकॅन बिघडले की त्यांची वाढच खुंटते. ज्या उंदरांत त्याच्या जनुकातील डीएनएची केवळ सात अक्षरे गळालेली असतात, त्यांच्या कूर्चापेशी दाटीवाटीने बसलेल्या दिसतात, पाय आखूड राहतात आणि पिल्ले जन्मतःच दगावतात. याहून बोलका पुरावा माणसातला आहे: प्रथिन शाबूत असूनही पेशीत सल्फेट नेणाऱ्या वाहकाचे जनुक बिघडले, तर साखळ्यांवरचा प्रभार उणा पडतो आणि डायस्ट्रॉफिक डिस्प्लेझिया हा हाडे आखूड ठेवणारा विकार होतो.

(एवढे वाचून कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या आणायला धावू नये. पोटात पचलेल्या साखळ्यांचा गुडघ्यात जाऊन ब्रश होत नाही. अमेरिकेत १५८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण रुग्णांच्या वेदनेवर या गोळ्या औषधाचा आभास देणाऱ्या निष्क्रिय गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरल्या नाहीत.)

हेपरान सल्फेट या दुसऱ्या प्रकारच्या शर्करा-साखळ्या धारण करणाऱ्या प्रोटिओग्लायकनांचे काम वेगळे आहे. पेशींना वाढीचा निरोप देणारी प्रथिने या साखळ्यांना चिकटतात, त्यामुळे निरोप कुठवर पोहोचावा हेही साखळ्याच ठरवतात. १९९१ मध्ये असे दिसून आले की हेपरान सल्फेट नसलेल्या पेशींवर निरोप स्वीकारणारे ग्राहक प्रथिन असले, तरी फायब्रोब्लास्ट वाढघटक (असेच एक निरोप देणारे प्रथिन) त्याला नीट बांधला जात नाही. द्रावात हेपारिन ही हेपरान सल्फेटसारखीच साखळी मिसळताच तो बांधला जातो. या साखळ्या विणणाऱ्या ईएक्सटी१ किंवा ईएक्सटी२ जनुकात दोष घेऊन जन्मलेल्या मुलांच्या हाडांवर, वाढीच्या पट्टीजवळ (जिथे हाड लांबीने वाढते), कूर्चेची टोपी असलेले हाडाचे उंचवटे उगवतात.