भाषांतर जुळलं, पण माप जुळलं का?

जीएडी-७ ही चिंता मोजायची प्रश्नावली २००६ सालची. मागच्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, ‘मुळीच नाही’ पासून ‘जवळजवळ रोज’ पर्यंत प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र चिंता धरतात. १० किंवा वर गेलं की पुढची तपासणी करायची. तिचा मराठी कागद हातात आला की दोन गोष्टींची हमखास गल्लत होते: भाषांतर बरोबर असणं आणि माप सारखं असणं.

भाषांतराची रीत ठरलेली आहे. दोघं वेगवेगळं मराठी करतात, मग एक मसुदा ठरतो, आणि मूळ कागद न पाहिलेला तिसरा माणूस तो परत इंग्रजीत नेतो. अर्थ जुळला की काम झालं असं वाटतं. पण या चाळणीतून ‘काळजी’ हा शब्द अलगद सुटतो. परतीच्या भाषांतरात तो अगदी बरोबर ठरतो, आणि तरीही परभणीच्या एखाद्या आईला ‘फार काळजी करता का?’ विचारलं तर ती अभिमानानं ‘रोज’ म्हणेल. लेकरांची काळजी करणं तिच्या लेखी दुखणं नाहीच. ‘घोर लागतो का?’ म्हटलं की उत्तर बदलू शकतं. ही चूक कागदावर दिसत नाही. त्यासाठी आठ-दहा जणांना प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं, ‘मी काय विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा.’

माप सारखं असणं ही याच्या पुढची गोष्ट. पायली तीच असली तरी एक जण शीग लावून भरतो, दुसरा काठाला पुसून. दोघांची ज्वारी मग सारखी कशी म्हणायची? प्रश्नावलीचंही तसंच. चिंता तेवढीच असताना एका गटाचे लोक एखाद्या प्रश्नाला सतत कमी गुण देत असतील, तर दोन गटांच्या सरासरीतला फरक चिंतेचा की भरण्याच्या सवयीचा, हे सांगता येत नाही. अमेरिकेत २०१५ साली विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात हेच दिसलं: लक्षणं तितकीच तीव्र असताना कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे जीएडी-७ चे गुण इतरांपेक्षा कमी भरत होते. तिथं भाषांतराचा प्रश्नच नव्हता.

मराठवाड्यात तर मराठीसोबत दखनी आणि बंजारा तांड्यांवर गोरमाटी आहे. तोच मराठी प्रश्न कुणी घरच्या भाषेत ऐकतो, कुणी शिकलेल्या. शिवाय सात प्रश्नांत छातीतली धडधड नाही, हातापायाच्या मुंग्या नाहीत. ‘जीव घाबरा होतो’ म्हणत अंगावरच्या लक्षणांतून त्रास सांगणाऱ्याचे गुण कितीही चोख भाषांतर केलं तरी कमीच भरतील. (‘काहीतरी भयंकर घडेल’ या सातव्या प्रश्नाचं किल्लारी परिसरात, १९९३ चा भूकंप पाहिलेल्यांसमोर काय होईल, हाही विचार करा.)

माप दोन गटांत सारखं आहे का हे तपासायला प्रत्येक गटातून शक्यतो दोनशेच्या आसपास उत्तरं लागतात. आधी सातही प्रश्न दोन्ही गटांत एकाच मुळाशी, म्हणजे चिंतेशी, बांधलेले आहेत का, मग ते सारख्याच जोरानं बांधलेत का, शेवटी दोघांची सुरुवातीची पातळी एक आहे का, म्हणजे चिंता तेवढीच असताना गुणही तेवढेच पडतात का, हे पाहायचं. पायरीगणिक जुळणीचा निर्देशांक, सीएफआय, ०.०१ पेक्षा जास्त घसरला की संशय घ्यायचा. तिसरी पायरी न ओलांडता ‘अमुक समाजात चिंता जास्त’ असं लिहिणं चुकीचंच, आणि असे अहवाल निघतात. १० चा उंबरठाही आयता उचलू नये. गुण न पाहिलेल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या मुलाखतीशी तो त्याच गटात ताडून घ्यावा.

दवाखान्यात मात्र एवढं लागत नाही. तोंडी विचारताना ‘दोन आठवडे’ऐवजी ‘मागच्या दोन बाजारांपासून’ म्हणा, आणि ‘चौदातले किती दिवस?’ विचारून मग गुण द्या. ‘अर्ध्याहून जास्त दिवस’ हा पर्याय म्हणजे आठपासून पुढे. एकाच बाईचे जूनमधले १४ आणि सप्टेंबरमधले ७ ताडून पाहायला गटागटांची जुळणी आड येत नाही. फक्त दोन्ही वेळा प्रश्न त्याच भाषेत, त्याच शब्दांत विचारलेले हवेत, आणि दुसऱ्या वेळी सासू शेजारी बसलेली नको.